टेकडीवर कुणी मरत नाही

१

"जो आकडा बघून आनंद होईल, त्याच्यावर आधी संशय घे," असं तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. सांगणारे होते ऑफिसातले जुने संख्याशास्त्रज्ञ, निवृत्तीला टेकलेले, सदा कपाळाला आठ्या घालून बसणारे. तिने समोर मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच शेजारच्या टेबलाला म्हणाली, "आजोबांची बढती हुकलेली दिसते."

गंमत अशी की संशय घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गॅस बंद केला का, हे ती जिन्यावरून परत येऊन बघायची. बाळ, म्हणजे पिल्लू, झाल्यापासून तर विचारू नका. पाळणाघराच्या दाराची कडी, बाटलीचं बूच, पिल्लाचा श्वास, सगळं दोनदा. ऑफिसात तिचं नावच पडलं होतं शंकाबाई. पण आनंदाच्या बातमीवर शंका घेणं तिला कधी सुचलं नव्हतं.

ते ऑफिस होतं कॅन्सरच्या नोंदणीचं. काम ऐकायला भयंकर, करायला सरळ. शहरात कुणाला नव्याने कॅन्सर निघाला की त्याची नोंद करायची, त्यातलं कुणी गेलं की तेही नोंदवायचं, आणि दरवर्षी सांगायचं की हा आजार झालेली किती माणसं आज आपल्यात हयात आहेत. त्यावरून तपासणीच्या खोल्या ठरायच्या, औषधं ठरायची, नर्सबाईंच्या फेऱ्या ठरायच्या.

आणि त्या दिवशी आकडा आला टेकडीचा. टेकडी म्हणजे नदीच्या अलीकडच्या काठावर खडी चढत गेलेली वस्ती, एकावर एक ठेवलेल्या पेट्यांसारखी घरं. तिथे हयात पेशंट इतर कुठल्याही भागापेक्षा जवळजवळ दुप्पट निघाले. नवे पेशंट इतरांइतकेच, पण मरतच नव्हते कुणी. स्वादुपिंडाचा कॅन्सर, ज्याच्यापुढे भलेभले डॉक्टर हात टेकतात, तो झालेली माणसंही टेकडीवर दहा-दहा वर्षं मजेत होती.

"अहो, हा तर चमत्कार आहे," ऑफिसचे प्रमुख डॉक्टरसाहेब म्हणाले आणि शीळ घालत आपल्या खोलीत गेले. त्यांनी शीळ घातलेली आजवर कुणी ऐकली नव्हती. येत्या सोमवारी पत्रकारांना बोलवायचं ठरलं. शंकाबाईही खूश होऊन घरी गेली.

घरी दिवाणखान्यात मावशीची बॅग उघडी पडली होती. आई लहानपणी गेली तेव्हापासून हिला वाढवलं ते या मावशीने. चार वर्षांपूर्वी मावशीच्या छातीतली गाठ काढली, आणि तेव्हापासून ती रोज एक गोळी घेई आणि रोज त्या गोळीला शिव्या देई. गोळीने अंगाची लाही व्हायची, गुडघे धरायचे.

"कुठे निघालीस?"

"टेकडीवर खोली बघितलीय. पहिल्या तारखेपासून." मावशीने साडीची घडी बॅगेत दाबली. "तिथलं झऱ्याचं पाणी प्यायलं की हा आजार माणसाला मारत नाही, असं कधीपासून म्हणतात. आता तर तुझ्याच साहेबांनीही कुणाला तरी सांगितलंय, गावभर झालंय."

"आणि गोळ्या?"

मावशीने कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

२

तिने गोळ्यांची पाकिटं डब्यातून काढली, पुसली, कपाटात ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "मावशीशी वाद घालून उपयोग नाही. आकडाच खोटा निघाला पाहिजे."

"आणि खरा निघाला तर?"

"तर आपणही टेकडीवर राहायला जाऊ."

सकाळी तिने ऑफिसात एकेकाला गाठायला सुरुवात केली. कुणीतरी मेलेली माणसं लपवतंय, अशी तिची खात्री झाली होती. कोण आणि कशासाठी, एवढंच शोधायचं होतं.

पहिला सापडला बटण. कॉम्प्युटर सांभाळणारा हा पोरगेला माणूस; काहीही विचारलं की बटण दाबून दाखवायचा म्हणून हे नाव.

"तू टेकडीचे मृत्यू गाळलेस का?"

"मी कशाला गाळू? माझी आजीसुद्धा टेकडीची नाही." त्याने बटण दाबलं. "शहरातल्या सगळ्या मृत्यूंच्या नोंदी इथे येतात. आपल्या पेशंटांशी त्यांची जोडी लावायची. जोडी लागली तर माणूस गेला. नाही लागली तर आहे."

"आहे म्हणजे?"

"म्हणजे आहे. जिवंत. सगळी नोंदणी कार्यालयं असंच करतात. घरोघरी कोण जाणार विचारायला? आपल्याला तेवढी माणसं कुठे?"

"नोंदी सगळ्या येतात?"

"शहराच्या सगळ्या. नदीपर्यंत आपली हद्द."

मग सिस्टर. हॉस्पिटलांतून नवे पेशंट नोंदवून आणायचं काम यांचं. सिस्टर आधी ऐकून घेत नसत, मग बोलून दमवत.

"म्हणजे मी खोटे पेशंट भरले असं म्हणणं आहे का तुझं? अगं, प्रत्येकाचा तपासणीचा रिपोर्ट मी या डोळ्यांनी बघितलाय. मला पगार डोक्यामागे मिळत नाही." मग जरा खालच्या आवाजात, "पण एक मलाही चमत्कारिक वाटलं. टेकडीवरचे सगळ्यांत म्हातारे पेशंट आपल्याकडे एकशे सात वर्षांचे आहेत. मी त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा ते उचलून आणावे लागले होते. त्यालाही झाली की बरीच वर्षं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"म्हटलं, असतील बापडे. आपण कशाला कुणाला मारा?"

डॉक्टरसाहेबांनी तर तिला बसायलाही सांगितलं नाही. "तुम्हाला चांगली बातमी बघवत नाही का हो? इतकी वर्षं मी या खोलीत बसून फक्त वाईट बातम्या सह्या करून पाठवल्यात. एकदा तरी लोकांना हसून काही सांगू द्या."

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, हौस होती. ते बघून तिला जास्तच काळजी वाटली.

आता एकच संशयित उरला, टेकडीवरचा पाणीवाला. झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून विकणारा. टेकडीवरच्या मृत्यूंच्या नोंदी करणाऱ्या कारकुनाला त्यानेच हाताशी धरलं असेल तर? तिने बटणकडून टेकडीवरचे सगळे मृत्यू काढून घेतले, कॅन्सरचेच नव्हेत, सगळे. आणि ते वाचताना तिच्या हातातला चहा गार झाला.

टेकडीवर माणसं मरत होती. हृदयविकाराने पटकन गेलेली, पायरीवरून पडलेली, विजेचा धक्का लागलेली, अगदी शहराइतकीच. कारकून झोपला नव्हता आणि फितूरही नव्हता. नव्हते ते फक्त रेंगाळून येणारे मृत्यू. कॅन्सर नाही, अर्धांगवायू नाही, मूत्रपिंड नाही.

मरण टेकडीवर येत होतं, पण फक्त घाईत असलं तरच.

३

शनिवारी पाळणाघर बंद. तिने पिल्लाला ढकलगाडीत घातलं आणि टेकडी गाठली.

गाडी पहिल्या पायरीपाशीच अडली. वस्तीत रस्ता असा नव्हताच, नुसत्या पायऱ्या, उंच, झिजलेल्या, मध्येच वळणाऱ्या. पायथ्याच्या चपलांच्या दुकानदाराने गाडी ठेवून घेतली. "बिनचाकाचंच वर जातं, ताई," तो म्हणाला, आणि तिने पिल्लाला कडेवर घेतलं.

अर्ध्या वाटेवर तिचा जीव घशाशी आला. पिल्लू खुशीत तिचा कान ओढत होतं. बाजूने खांद्यावर पिंप घेतलेला एकजण गेला, कॉलेजातल्या दोन मुली गेल्या, हिच्याकडे बघून हसल्या. सवयीप्रमाणे तिची नजर सगळीकडे फिरत होती. कठडा कुठेच नाही, पिल्लू चालायला लागलं तर इथे राहणं अशक्य. ओट्यांवर वाळत घातलेले कपडे. दारांवर "खोली भाड्याने" अशा पाट्या, बऱ्याच.

पाणीवाला झऱ्यापाशीच भेटला. गोल, गुबगुबीत, घामाघूम.

"मीच पिऊन विकतो, ताई. फसवणूक नाही. माझी आई या पाण्यावर वाढली, आम्ही वाढलो. वडिलांना पोटाचा कॅन्सर निघाला त्याला सात वर्षं झाली."

"हयात आहेत?"

"म्हणजे काय. ठणठणीत." मग तो बाटलीचं बूच फिरवत राहिला. "ठणठणीत म्हणजे, पडून असतात. पण आहेत."

"भेटता येईल?"

"इथे नाहीत ते. बहिणीकडे नदीपलीकडे ठेवलंय. आता चढवत नाही त्यांना."

"आणि पाणी?"

"रोज बाटली पाठवतो ना पुलावरून."

त्याने पिल्लाच्या गालाला बोट लावलं आणि तिला एक बाटली फुकट दिली. हा माणूस कारकुनाला लाच देणाऱ्यातला नव्हता, हे तिने तिथेच कबूल केलं आणि जरा हिरमुसली. संशयित संपले होते.

उतरताना पिल्लू झोपलं. झोपलेलं मूल जाग्या मुलापेक्षा दुप्पट जड होतं, हे कुठल्या शास्त्रात बसत नाही पण खरं आहे. ती दर वळणावर टेकत उतरली. पायथ्याशी गाडीत त्याला निजवलं, कंबर सरळ केली आणि वर बघितलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की वर तिने काय बघितलं होतं यापेक्षा काय बघितलं नव्हतं, ते मोठं होतं.

एकही काठी नाही. एकही चाकाची खुर्ची नाही. ओट्यावर ऊन खात बसलेलं एकही म्हातारं माणूस नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत सगळे जण धडधाकट होते.

ती तिथूनच सिस्टरना फोन लावून म्हणाली, "सिस्टर, मेलेली माणसं लपवणारा सापडला. दगडी आहे."

४

सोमवारी सकाळी, पत्रकार यायच्या आधी, डॉक्टरसाहेबांच्या खोलीत चौघं जमली. पाळणाघरात गोवराची साथ असल्याने पाचवं पिल्लूही होतं आणि साहेबांची पट्टी चावत होतं.

"टेकडीवर आजारी पडता येतं," शंकाबाईने सुरुवात केली, "पण आजारी राहता येत नाही. दुखणं लांबलं की पायऱ्या चढवत नाहीत. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी खुर्ची उचलावी लागते. मग मुलं काय करतात? आईवडिलांना खाली आणतात. खाली अलीकडे जागा महाग, म्हणून पुलापलीकडे, मुलीकडे, धाकट्याकडे. तिथे सपाट आहे. तिथे ते पुढचे दिवस काढतात, आणि जायचे ते तिथेच जातात."

"मग नोंद होते ना मृत्यूची," साहेब म्हणाले.

"होते. पलीकडच्या शहरात. आपली हद्द नदीपर्यंत. आपल्याकडे मृत्यूचा कागद येत नाही, बटणच्या मशीनला जोडी सापडत नाही, आणि आपण म्हणतो, आहे. जिवंत. टेकडीवर."

बटणने दाबायला बटण शोधलं, पण समोर टेबलच होतं.

"झटक्याने जाणारा माणूस घरीच जातो, म्हणून त्याची नोंद टेकडीवर सापडते," ती पुढे म्हणाली. "सापडत नाहीत ते रेंगाळलेले. पाणी कॅन्सर बरा करत असतं, तर त्याला अर्धांगवायूही बरा करायची काय गरज होती?"

साहेब म्हणाले, "हा तर्क झाला. पुरावा?"

"तो काल दिवसभर आम्ही दोघींनी गोळा केलाय," सिस्टर म्हणाल्या. "टेकडीवरच्या जुन्या हयात पेशंटांमधून चिठ्ठ्या टाकून काहीजण निवडले. मनाने निवडले असते तर तुम्हीच म्हणाला असता, मेलेलेच वेचलेत. मग नातेवाइकांना फोन लावले. निम्म्याहून जास्त गेलेत, साहेब, पुलापलीकडे. एकशे सातवाले आजोबा केव्हाच गेले. त्यांची सून म्हणाली, आज कशी आठवण झाली?"

"म्हणजे उरलेले जिवंत आहेत."

"आहेत. पण टेकडीवर त्यांतला एकच. बाकीचे पलीकडे, आणि कुणीच तपासणीला येत नाही, कारण आपली पत्रं टेकडीवर जातात."

आता साहेबांनी चष्मा काढला. इतका वेळ ते आकड्याचा विचार करत होते. आता पत्रं कुणाच्या दारात पडून राहिली याचा करू लागले. ते चांगले डॉक्टर होते, शीळ त्यांना शोभली नव्हती एवढंच.

"सगळ्यांना शोधायला महिने लागतील. तोवर आकडा काय द्यायचा?"

"ज्याच्याबद्दल पक्की खबर आहे, तो एक धरायचा. ज्याच्याबद्दल काहीच कळलेलं नाही, त्याला पूर्ण एक धरायचं नाही. त्याचं वय, आजार कुठला, होऊन किती वर्षं झाली, हे बघायचं. अशी माणसं, ज्यांची खबर लागलेली आहे, त्यांतली किती तगली? शंभरातली तीस, तर याला तीस शतांश धरायचं."

"शतांश माणूस?" बटण म्हणाला.

"कागदावर. दारात जाऊन बघितलं की पूर्ण. आणि पलीकडच्या शहराकडून त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी मागवायच्या, दर वर्षी."

साहेबांनी पिल्लाच्या तोंडातून पट्टी सोडवली, आणि पत्रकारांना फोन करायला वळले. "त्यांना सांगतो, चमत्कार रद्द झालाय."

"आणि टेकडीला कठडा हवा, तेही सांगा," सिस्टर म्हणाल्या.

केस सुटली होती. शंकाबाई उड्या मारत घरी गेली, आणि दारातच थबकली. मावशीच्या बॅगा दोन झाल्या होत्या.

५

तिने सगळं समजावलं, पायऱ्या, नदी, नोंदी, शतांश. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं झालं का? आता माझं ऐक. मला आकडे कळत नाहीत. मला गुडघे कळतात. त्या गोळीने माझे गुडघे गेलेत."

"मग त्या पायऱ्या चढणार कशी?"

"पाण्याने बरे होतील."

भिंतीवर डोकं आपटावं असं तिला झालं. नवरा पिल्लाला घेऊन हळूच दुसऱ्या खोलीत सटकला. ती खुर्चीत बसली, आणि थकून, दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "खोली कुणाची आहे?"

"शिंपीणबाईची. हॉस्पिटलात आम्ही एकाच बाकावर बसायचो नाही का? माझी पाळी येईपर्यंत ती मला हसवायची. तीच पहिल्यांदा म्हणाली होती, आमच्या टेकडीवर कुणी मरत नाही. तिचीच खोली आता रिकामी आहे, पाणीवाल्याने सांगितलं."

"मावशी," शंकाबाई सावकाश म्हणाली, "तिथे कुणी मरत नाही, तर खोली रिकामी कशी झाली?"

मावशीचा हात साडीवर थांबला.

"असेल गेली लेकीकडे. मजेत असेल."

"तुला कळवलं तिने?"

"नाही."

"तू कधी विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? काही कळलं नाही म्हणजे बरीच असेल." बोलता बोलता मावशीने आपलेच शब्द ऐकले असावेत. ती बॅगेच्या कडेवर बसली. तिचा आवाज अगदी लहान झाला. "अगं, गेली असेल का ती?"

"मला माहीत नाही. आपण बघून येऊ."

पाणीवाल्याकडून लेकीचा पत्ता मिळाला. दुसऱ्या दिवशी दोघी पूल ओलांडून गेल्या, पिल्लू ढकलगाडीत, पिशवी मावशीच्या खांद्यावर. तळमजल्यावरचं घर, सपाट अंगण. दाराआडून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मावशीने शंकाबाईचं मनगट असं धरलं की वळ उठले.

शिंपीणबाई बारीक झाली होती. पाय सुजले होते, पायाने चालवायचं यंत्र हाताने चालवत होती. मावशीला बघून तिने सुई थांबवली.

"ये. मेले समजलीस का मला?"

"नाही गं," मावशी म्हणाली आणि रडायलाच लागली. "जिवंत समजले, म्हणून तर फोन केला नाही."

यावर शिंपीणबाई एवढी हसली की तिला खोकला लागला. मग दोघी जुन्या बाकावर बसल्यासारख्या शेजारी शेजारी बसल्या. टेकडी सोडली तेव्हापासून तपासणी नाही, शिंपीणबाईने सांगितलं. हॉस्पिटलातून कुणी विचारलं नाही, मग तिनेही विचारलं नाही. आणि गोळी? गोळी तिने टेकडीवर असतानाच सोडली होती, पाण्याच्या भरवशावर.

मावशीने पिशवी उघडली. शंकाबाईने डब्यातून काढून पुसलेली ती पाकिटं तिच्या पिशवीत कधी आली, हे शंकाबाईलाही कळलं नव्हतं. मावशीने एक गोळी फोडली, पाण्याबरोबर घेतली, तोंड वाकडं केलं.

"ही माझी. तुझी कुठली ते उद्या डॉक्टरला विचारू. सकाळी नऊला तयार राहा. नाही आलीस तर फरपटत नेईन."

"गुडघे दुखतात ना तुझे?"

"दुखतात की. रिक्षाने फरपटत नेईन."

तपासणीत शिंपीणबाईचा आजार परत डोकावलेला निघाला, पण वेळेत. औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. हे सांगताना मावशी जणू आपण स्वतःच निदान केलंय असा आव आणते, आणि ती आता रोज संध्याकाळी फोन घेऊन बसते. जुन्या बाकावरच्या बायकांना एकेकीला शोधते. सापडली की आधी ओरडते, मग गप्पा मारते.

शंकाबाईचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल. ऑफिसातली, शाळेतली, जुन्या इमारतीतली. तिला तो आजार झाला होता, ती त्यातून उठली, तुम्ही भेटायला गेलात, फळं दिलीत, आणि मग घर बदललं, नंबर बदलला, दिवस गेले. तिचं नाव निघालं की तुम्ही म्हणता, असेल बरी. हे वाचून झालं की तिला फोन लावा. नंबर लागला नाही, तर तिच्या बहिणीला लावा. तपासणीला जातेस का, एवढंच विचारा, आणि ती हो म्हणाली तर शेवटची कधी गेली होतीस, हेही.